हृदयाची जखम आणि 'इम्युनिटी'चा बाजार

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण घरात कुणाला अटॅक येऊन गेला असेल तर नक्की वाचा.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी माझ्या थोरल्या भावाला हार्ट अटॅक आला. वय ५४. रात्री दोनच्या सुमाराला छातीत जळजळ सुरू झाली. घरातल्या सगळ्यांनी ठरवलं, ॲसिडिटी. सोडा पिऊन झाला, ओवा खाऊन झाला. पहाटे पाचला दादा नेहमीसारखा दूध संकलनाला गेला, कारण लोक कॅन घेऊन दारात उभे राहतात. तिथे घाम फुटला, डावा हात जड पडला. तालुक्याला ईसीजी निघेपर्यंत साडेआठ वाजले. तिथून जिल्ह्याच्या ठिकाणी, तिथे स्टेंट. जीव वाचला. तीन दिवसांनी इको झाला आणि डॉक्टरांनी सांगितलं, "पंपिंग ३५ टक्क्यांवर आलंय."

खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. महिना-दीड महिन्याने कुणीतरी वहिनीच्या हातात एक रंगीत माहितीपत्रक दिलं. शहरातलं एक सेंटर (नाव लिहीत नाही, कारण अशी एक-दोन नाहीत). 'हृदयाच्या मृत पेशी पुन्हा जिवंत करा.' 'इम्युन रिपेअर', 'स्टेम सेल', 'शंभर टक्के नैसर्गिक'. खर्च साडेचार लाख. वहिनीचा फोन आला, "भाऊजी, ओढ्याकडचा तुकडा काढला तर जमंल. तुमचं मेडिकल आहे, तुम्ही सांगा. करायचं का?"

माझं तालुक्याला औषधाचं दुकान आहे, वीस वर्षं झाली. मी डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ तर नाहीच. पण त्या फोनला मला लगेच 'नको' म्हणता आलं नाही. कारण पत्रकातले शब्द सगळेच खोटे नव्हते. अटॅकनंतर शरीराची प्रतिकारयंत्रणा हृदयावर काम करते हे खरं आहे. तिला योग्य वळण देऊन हृदय जास्त चांगलं भरून आणता येईल का, यावर जगभर गंभीर संशोधन चालू आहे हेही खरं आहे. खऱ्या शब्दांच्या आडून खोटा माल विकणं, हाच तर या धंद्यातला हातखंडा. म्हणून चार दिवस मागितले, ओळखीच्या हृदयरोगतज्ज्ञांना गाठलं आणि जमेल तेवढं वाचलं. त्यातून जे समजलं आणि जे मत झालं, ते लिहितोय.

आधी हृदयात नक्की काय होतं ते बघू.

रक्तवाहिनीत गुठळी अडकते, पुढच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो आणि पेशी मरायला लागतात. मोठ्या अटॅकमध्ये काही तासांत १०० कोटींच्या आसपास स्नायूपेशी जातात असं मानतात. हाताला कापलं तर कातडी परत येते, यकृताचा तुकडा काढला तर यकृत वाढतं. हृदयाला ते जमत नाही. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी २००९ मध्ये हे मोजून दाखवलं. १९५०-६० च्या दशकांत अणुचाचण्यांमुळे हवेत जो किरणोत्सारी कार्बन मिसळला, त्याच्या खुणेवरून त्यांनी पेशींचं वय काढलं. पंचविशीत वर्षाला साधारण १ टक्का स्नायूपेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणजे गेलं ते बहुतांशी गेलंच.

मग मेलेल्या स्नायूचं होतं काय? तिथे सफाई कामगार येतात. पहिल्या काही तासांतच न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धडकतात. त्यांच्या मागोमाग मोनोसाइट येतात आणि त्यांच्या मॅक्रोफेज होतात. मॅक्रोफेज म्हणजे अक्षरशः मेलेलं खाऊन टाकणाऱ्या पेशी. २००७ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी उंदरांमध्ये दाखवलं की या पेशी दोन लाटांमध्ये येतात. पहिली लाट तोडफोड आणि सफाई करणारी, दुसरी लाट बांधकाम करणारी. २००९ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली, या मोनोसाइटचा मोठा साठा प्लीहेत तयार असतो आणि अटॅक आला की तिथून कुमक निघते. शेवटी मेलेल्या स्नायूच्या जागी घट्ट तंतूंचा व्रण तयार होतो. तो आकुंचन पावत नाही, पण भिंत फुटू देत नाही.

जुनं घर पाडून नवं बांधायचं झालं तर आधी राडारोडा उचलावा लागतो. तो उचललाच नाही तर पाया घेता येत नाही. पण पाडणारे कामगार काम संपल्यावरही घण घालतच राहिले, तर शेजारची धड भिंतही पडते. हृदयात दोन्ही होऊ शकतं. सफाई अपुरी झाली तर व्रण कच्चा राहतो. जळजळ लांबली तर चांगला स्नायूही खराब होतो, हृदय फुगत जातं आणि काही महिन्यांनी माणूस जिना चढताना थांबायला लागतो. त्यालाच हार्ट फेल्युअर म्हणतात.

म्हणजे इथे 'इम्युनिटी वाढवा' हेही चूक आणि 'इम्युनिटी दाबा' हेही चूक. प्रश्न आहे तो कधी, किती आणि कुठली.

हे आपल्याला नव्याने सांगायला नको होतं. २०२१ चा एप्रिल-मे आठवा. कोविडमध्ये डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टिरॉइडने जीव वाचवले. इंग्लंडच्या रिकव्हरी चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने कमी झाले. पण ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांना फायदा दिसला नाही. आपल्याकडे मात्र तापाच्या पहिल्या दिवसापासून, साखर न तपासता स्टिरॉइड दिली गेली. पुढे म्युकरमध्ये लोकांचे डोळे गेले, जबडे गेले. औषध तेच होतं. एका वेळी तारणारं, दुसऱ्या वेळी मारणारं. त्या दिवसांत माझ्या दुकानात माणसं टोसिलिझुमॅबच्या इंजेक्शनसाठी रडत उभी असायची. कुठून कुठून चिठ्ठ्या यायच्या. 'सायटोकाइन स्टॉर्म' हा शब्द आमच्या तालुक्यातल्या रिक्षावाल्यालाही पाठ झाला होता. पण वेळेचा धडा आपण शिकलो का?

हृदयाच्या बाबतीत हा धडा तर फार जुना आहे. १९७० च्या दशकात डॉक्टरांनी विचार केला, अटॅकनंतर जळजळ होते ना, मग जोरदार स्टिरॉइड देऊ. तर्क सरळ होता. १९७६ मध्ये अमेरिकेत मिथाइलप्रेडनिसोलोन दिलेल्या रुग्णांची निरीक्षणं प्रसिद्ध झाली आणि निष्कर्ष उलटा निघाला. जखम नीट भरत नव्हती, नुकसान वाढत होतं. सफाई कामगारांना दारातच अडवलं, की असं होतं. दुखण्यावरच्या गोळ्यांचंही तसंच. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या वर्गातल्या गोळ्या अटॅक येऊन गेलेल्या माणसाला धोक्याच्या ठरू शकतात. व्हायॉक्स नावाची गोळी तर हृदयाच्या धोक्यामुळे २००४ मध्ये जगभरातून मागे घ्यावी लागली. तरी आजही स्टेंट बसवलेला माणूस गुडघा दुखतो म्हणून माझ्याकडे 'ती नेहमीची' गोळी मागतो. मी नाही म्हटलं की तो पुढच्या दुकानात जातो आणि तिथे मिळते. हे माझ्या व्यवसायाचं पाप आहे, ते इथे कबूल करतो.

आता अलीकडच्या मोठ्या चाचण्यांकडे येऊ. मत बनवायचं तर यश आणि अपयश दोन्ही समोर ठेवलं पाहिजे.

२०१७ मध्ये कँटॉस चाचणीचा निकाल आला. १०,०६१ रुग्ण, सगळ्यांना आधी अटॅक येऊन गेलेला, सगळ्यांच्या रक्तात जळजळीची खूण असलेलं सीआरपी वाढलेलं. त्यांना कॅनाकिनुमॅब नावाचं इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा दिलं. हे इंजेक्शन कोलेस्टेरॉलला हात लावत नाही, फक्त इंटरल्युकिन-१ बीटा हा जळजळीचा निरोप्या अडवतं. मधल्या मात्रेला पुन्हा अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचं प्रमाण १५ टक्क्यांनी कमी झालं. जळजळ हे हृदयविकाराचं नुसतं लक्षण नाही, कारणही आहे, याचा हा पहिला भक्कम पुरावा. पण औषध घेणाऱ्यांमध्ये जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले आणि एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. शिवाय इतर दुर्मीळ आजारांसाठी या इंजेक्शनची अमेरिकेतली किंमत वर्षाला लाखो डॉलरच्या घरात. अमेरिकेच्या औषध नियामकाने हृदयासाठी परवानगी दिली नाही.

मग स्वस्त काही चालेल का? संधिवाताचं मेथोट्रेक्सेट करून पाहिलं. ४,७८६ रुग्ण, फायदा शून्य. म्हणजे कुठलीही जळजळ दाबून चालत नाही, नेमकी वाट सापडावी लागते.

मग आली कोल्चिसीन. गाउटची जुनी गोळी, माझ्या दुकानात काही रुपयांना मिळते. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमधून चालवलेल्या कोलकॉट चाचणीत (२०१९) अटॅकनंतर महिन्याभराच्या आत ४,७४५ जणांना रोज अर्धा मिलिग्रॅम किंवा खोटी गोळी दिली. पुढच्या त्रासांचं प्रमाण खोट्या गोळीवर ७.१ टक्के, कोल्चिसीनवर ५.५ टक्के. २०२० मध्ये ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्समधल्या ५,५२२ स्थिर हृदयरुग्णांवर आणखी चांगला निकाल मिळाला. जून २०२३ मध्ये अमेरिकेने हृदयासाठी ही गोळी मंजूर केली. सगळीकडे आनंदीआनंद. आणि २०२४ मध्ये क्लिअर नावाची ७,०६२ रुग्णांची चाचणी आली. अटॅकनंतर लगेच सुरू केलेल्या कोल्चिसीनवर ९.१ टक्के, खोट्या गोळीवर ९.३. म्हणजे काहीच फरक नाही, जुलाब मात्र जास्त.

याला म्हणतात विज्ञान. एका निकालावर नाचायचं नाही आणि एका निकालावर रडायचंही नाही.

आणि एक लक्षात घ्या. या बहुतेक चाचण्या 'पुढचा अटॅक टाळणे' याबद्दल आहेत. 'झालेली जखम नीट भरून आणणे' हे त्याहून अवघड काम. तिथे पुरावा अजून लहान आहे. नॉर्वेत १९९ रुग्णांना अटॅकच्या वेळीच टोसिलिझुमॅबचा एक डोस दिला (तेच आपलं कोविडवालं इंजेक्शन). २०२१ च्या निकालात वाचलेल्या स्नायूचं प्रमाण थोडं जास्त दिसलं, पण एकूण व्रणाच्या आकारात खात्रीलायक फरक आला नाही. केंब्रिजमध्ये इंटरल्युकिन-२ च्या अगदी लहान मात्रा देऊन 'नियामक टी पेशी' वाढवायचा प्रयत्न चाललाय. या पेशी म्हणजे भांडण मिटवणारे तंटामुक्तीवाले समजा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये कोविड लशीसारखंच एमआरएनए तंत्र वापरून उंदरांच्या शरीरातच टी पेशींना तात्पुरतं शिकवलं आणि हृदयातला जादा व्रण कमी केला. थक्क करणारं काम आहे. पण उंदरात. उंदीर आणि आमचा दादा यांच्यामध्ये पुष्कळ वर्षांचं काम आहे.

आता त्या पत्रकातल्या स्टेम सेलबद्दल. ही कथा तर प्रत्येकाने ऐकावी अशी.

२००० च्या सुरुवातीला दावा झाला की अस्थिमज्जेतल्या किंवा हृदयातल्याच मूळ पेशी टोचल्या की नवा स्नायू तयार होतो. जगभर हजारो रुग्णांवर प्रयोग झाले. ऑक्टोबर २०१८ मध्ये हार्वर्ड आणि त्याच्याशी संलग्न रुग्णालयाने त्या क्षेत्रातल्या सर्वांत गाजलेल्या प्रयोगशाळेचे, पिएरो अँव्हर्सा यांचे, ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत असं नियतकालिकांना कळवलं. कारण, खोटी किंवा फिरवलेली माहिती. मग काही प्रयोगांत जो थोडाफार फायदा दिसला तो कशामुळे? २०२० मध्ये सिनसिनाटीच्या संशोधकांनी उंदरांवर तपासलं. जिवंत मूळ पेशी टोचल्या, फायदा झाला. मेलेल्या पेशी टोचल्या, तरी झाला. शेवटी पेशी टोचल्याच नाहीत, यीस्टच्या आवरणापासून मिळणारं झायमोसान नावाचं रसायन टोचलं, तरीही झाला! कारण खरं काम टोचलेल्या पेशी करतच नव्हत्या. सुईमुळे आणि टोचलेल्या वस्तूमुळे मॅक्रोफेज जागे होत होते आणि व्रण सुधारत होते. सगळं श्रेय नवरदेवाला, राबले मात्र वऱ्हाडी.

आणि वहिनीला साडेचार लाखांत विकत होते तो नवरदेव.

आपल्याकडे नियम नाहीत असंही नाही. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताच्या आजारांसाठीचं मूळ पेशी प्रत्यारोपण सोडलं तर बाकी वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीत व्हायला हवा. चाचणी असेल तर तिची सीटीआरआय या सरकारी नोंदणीत नोंद हवी, नैतिकता समितीची परवानगी हवी. प्रयोगात सामील होणाऱ्याकडून प्रयोगाचे पैसे घेणं हे तर उलटंच झालं. इजा झाली तर भरपाई द्यायची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. मी त्या सेंटरला फोन करून नोंदणी क्रमांक मागितला. पलीकडच्या मुलीने विचारलं, "सर, पेशंटचं वय काय?" मी पुन्हा क्रमांक विचारला. तिने ऑफर सांगितली. महिनाअखेरपर्यंत चाळीस हजार कमी.

आता माझं मत. तीन गोष्टी.

पहिली. या विषयातल्या चाचण्या आपल्या देशात, आपल्या सरकारी रुग्णालयांत, सरकारी पैशाने झाल्या पाहिजेत. मॉन्ट्रियलचं उत्तर आपल्याला जसंच्या तसं लागू पडत नाही, आणि त्याला कारणं आहेत. दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांत ५९ च्या आसपास, असं इंटरहार्ट अभ्यासात दिसलं. आपला माणूस रुग्णालयात उशिरा पोचतो. भारतातल्या २०,४६८ रुग्णांच्या क्रिएट अभ्यासात (२००८) दुखणं सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंत मधल्या रुग्णाला ६ तास लागले होते. दादालाही तेवढेच लागले. ६ तासांनी उघडलेल्या वाहिनीमागची जखम आणि दीड तासात उघडलेल्या वाहिनीमागची जखम एकसारखी कशी असेल?

आणि सर्वांत मोठं कारण म्हणजे टीबी. जगातल्या दर ४ टीबी रुग्णांमागे १ भारतातला. कितीतरी धडधाकट माणसांच्या छातीत तो जंतू झोपलेला असतो आणि प्रतिकारयंत्रणा त्याच्यावर पहारा देत असते. कँटॉस चाचणीत टीबीचा जास्त धोका असलेल्यांना घेतलंच नव्हतं. म्हणजे आपल्यातल्या पुष्कळांना दारातूनच परत पाठवलं असतं. पहारेकऱ्याला झोपवणारं औषध आमच्या गावात दिलं तर काय होईल, हे बोस्टन सांगू शकणार नाही. ते धुळे, लातूर, गडचिरोलीलाच शोधावं लागेल.

आपल्याला जमणार नाही, असं म्हणू नका. क्रिएटचं काम बंगळूरच्या सेंट जॉन्समधूनच झालं. अनेक औषधं एकत्र असलेल्या पॉलिकॅप गोळीची पहिली चाचणी भारतातल्या ५० केंद्रांवर झाली आणि २००९ मध्ये जगाने ती वाचली. कोल्चिसीनसारख्या काही रुपयांच्या गोळीवर कुठलीही कंपनी शेकडो कोटी घालणार नाही, कारण त्यातून तिला काही सुटणार नाही. जिथे नफा नाही आणि लोकांचा फायदा असू शकतो, तिथे सरकारचा पैसा लागतो. सरकार त्याचसाठी असतं ना?

या गोळीशी आपला एक जुना संबंधही आहे. कोल्चिसीन ज्या वनस्पतींपासून मिळतं त्यातली एक म्हणजे आपली कळलावी. पावसाळ्यात सह्याद्रीत कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुलते ती. तामिळनाडूत तिची शेती होते, बिया परदेशी जातात. कच्चा माल आपला, रुग्ण आपले, संशोधन मात्र दुसऱ्याचं. (आणि कृपा करून कुणी कळलावीचा कंद उगाळून घेऊ नका. जहाल विष आहे, माणसं मेली आहेत. कोल्चिसीनची गोळीसुद्धा मनाने घ्यायची नाही. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तर ती अंगाशी येते.)

दुसरी. किमतीचा विचार आत्ताच व्हायला हवा. उद्या यातलं एखादं इंजेक्शन खरंच यशस्वी झालं तर ते फक्त पुण्या-मुंबईच्या विमाधारकांसाठी असणार का? फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली तेव्हा औषध लावलेला स्टेंट २९,६०० वर आला. कंपन्यांनी आरडाओरडा केला, पण दादाला स्टेंट बसला तो त्यामुळेच. २०१२ मध्ये सोराफेनिब या कर्करोगाच्या औषधासाठी सक्तीचा परवाना दिला, तेव्हा महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांवरून ८,८०० वर आला. टोसिलिझुमॅबची देशी आवृत्ती आपल्याकडे तयार झालेली आहे. रस्ता माहीत आहे, फक्त चालायची इच्छा पाहिजे.

तिसरी. या नावाखाली चाललेली दुकानं बंद करा. मार्गदर्शक तत्त्वं कपाटात ठेवायला नसतात. जिल्ह्याला अन्न व औषध प्रशासन आहे. माझ्या दुकानात शेड्यूल एच-१ च्या वहीत एक सही राहिली तर मला नोटीस येते, आणि यायलाच पाहिजे. मग साडेचार लाखांना हवा विकणाऱ्याला का येत नाही?

आता कुणी म्हणेल, आणि खरंच म्हणाले, आमचे एक डॉक्टर स्नेहीच म्हणाले, "अरे, प्राथमिक आरोग्य केंद्रात ईसीजी मशीन चालत नाही आणि तू इंटरल्युकिनच्या गप्पा मारतोस?" मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. हृदयाची जखम भरून आणण्याचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे जखम लहान ठेवणं. दादा रात्री दोनलाच निघाला असता तर पंपिंग ३५ वर आलंच नसतं कदाचित. तामिळनाडूने २०२३ मध्ये प्राथमिक केंद्रांवरच ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि ॲटोरव्हास्टॅटिनचा पहिला डोस द्यायची योजना आणली. तशी तयारी आपल्या प्रत्येक केंद्रात असली पाहिजे, यात वादच नाही.

पण याचीच दुसरी बाजू बघा. उपचार जितके पोचतील तितकी माणसं अटॅकमधून वाचतील. आणि वाचलेल्यांतले कितीतरी जण अर्ध्या हृदयाने पुढची पंधरा-वीस वर्षं काढतील. पन्नाशीतली माणसं, घर चालवणारी. त्यांच्यासाठी आपल्याकडे काय आहे? महात्मा फुले योजनेतून स्टेंट बसतो, फोटो निघतो, माणूस घरी येतो. पुढे? जखमेवर काम करणारं औषध शोधणं ही चैन नाही. स्टेंटनंतरचं जे आयुष्य आपण त्याला दिलं, ते जगण्याजोगं करण्याचा तो भाग आहे. ईसीजी मशीन की संशोधन, अशी निवड कुणी गरिबाच्या नावाने करायला लागलं की मला शंका येते, कारण शेवटी त्याला दोन्ही मिळत नाहीत.

वहिनीला मी काय सांगितलं? "तुकडा काढायचा नाही. गोळ्या चुकवायच्या नाहीत." हृदय कमजोर झाल्यावरच्या उपचारात चार प्रकारची औषधं आता पक्की झाली आहेत, आणि त्यातल्या डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपल्यापासून ती बरीच स्वस्त झाली. दादाने तंबाखू सोडली (पहिल्या महिन्यात दोनदा सापडला, ते जाऊ द्या). सकाळी संकलन आता पुतण्या बघतो. दादा ओढ्यापर्यंत चालून येतो. सहा महिन्यांनी इको केला, पंपिंग ४२. काही चमत्कार नाही. डॉक्टर म्हणाले, बरं आहे. वहिनी म्हणाली, "साडेचार लाखात किती झालं असतं हो?" मी म्हटलं, कदाचित एवढंच झालं असतं, आणि श्रेय त्यांनी घेतलं असतं.

तुमच्या घरी असं पत्रक आलं तर पैसे देण्याआधी चार प्रश्न विचारा. सीटीआरआय नोंदणी क्रमांक काय? नैतिकता समिती कुठली? प्रयोग असेल तर माझ्याकडून पैसे का घेता? आणि हे माणसांत सिद्ध झालंय की उंदरांत? चारपैकी एकाचंही उत्तर 'ऑफर' असेल, तर उठून घरी या.

बाकी छातीत जळजळलं, घाम फुटला, हात-जबडा भरून आला, तर सोडा-ओवा करत बसू नका. आधी ईसीजी. दुधाचे कॅन थांबतील.